विषयाची ओळ

“तीन वेळा पाठवलाय म्हणतात ते,” पीएचडी विभागातल्या बाई दारातूनच म्हणाल्या. “तीन वेळा! आणि आपल्याकडे एकदाही पोचला नाही. आता यात खोटं कोण बोलतंय, तुम्हीच सांगा.”

“खोटं कुणी बोलत नसतं हो. विसरतात,” पोस्टमास्तर खुर्चीतून न उठता म्हणाला. “मोठी माणसं. अहवाल लिहितात, पाठवला म्हणून डोक्यातून काढून टाकतात आणि तो असतो त्यांच्याच ड्राफ्टमध्ये.”

“पाच महिने झाले. त्या परीक्षकांच्या अहवालावाचून ती मुलगी अडकलीय. रोज येऊन माझ्या टेबलासमोर उभी राहते. बोलत काही नाही, नुसती उभी राहते. घास गिळवत नाही मला.”

“द्या, पत्ता द्या त्यांचा. बघतो.”

बघतो म्हणाला तो बाईंची समजूत काढायला. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, काही सापडणार नाही याची त्याला खात्री होती. बावीस वर्षं तो या संस्थेचा मेल सर्व्हर सांभाळत होता. तळमजल्यावरच्या या थंडगार खोलीत बसून चौदाशे माणसांची पत्रं त्याच्या हाताखालून जात, म्हणून सगळे त्याला पोस्टमास्तर म्हणत. खरं नाव पगारपत्रकावर होतं, तेवढंच. त्याला त्याचं काही वाटत नसे. नळाला पाणी आलं की पाणी सोडणाऱ्याची आठवण कोण काढतं? आठवण येत नाही याचा अर्थ काम नीट चाललंय, असं तो बायकोला सांगायचा.

आणि काम खरंच नीट चाललं होतं. जाहिराती, लॉटऱ्या, औषधं, खोट्या बँका, लाज वाटावी असली चित्रं, हा सगळा कचरा दिवसाला पन्नास-साठ हजारांनी यायचा आणि त्यातलं शंभरातलं एकही कुणाच्या डोळ्यांसमोर जात नसे. फिल्टरची पद्धत साधी होती. येणाऱ्या प्रत्येक मेलला तो गुण द्यायचा, वाईट गुण. अमुक शब्द दिसला की एक, पाठवणारा सर्व्हर बदनाम असला की तीन. पाचच्या आत राहिलं तर मेल इनबॉक्समध्ये. पाचच्या वर गेलं तर ‘संशयित’ नावाच्या कप्प्यात, म्हणजे ज्याचं त्याला उघडून बघता यायचं. आणि पंधराच्या वर गेलं की सरळ टाकून द्यायचं. कुणाला काही कळवायचं नाही. पाठवणाऱ्यालासुद्धा नाही. त्याला उलट ‘मिळालं’ एवढंच सांगायचं. कारण ‘घेत नाही’ म्हटलं की चोराला कळतं, दाराआड माणूस आहे.

हे सगळे नियम त्याने स्वतः लिहिले होते. प्रत्येक नियमाच्या डोक्यावर तारीख आणि का लिहिला त्याचं कारण. उद्या मी नसलो तर मागून येणाऱ्याला कळायला हवं, हा त्याचा दंडक होता.

त्याने परीक्षकांचा पत्ता टाइप करून शोध लावला. स्क्रीनवर तीन ओळी उमटल्या.

तीन तारखा, पाच महिन्यांत पसरलेल्या. तिन्हींपुढे गुण एकवीसच्या आसपास. तिन्हींपुढे शेरा, टाकून दिले.

“काय झालं?” बाईंनी विचारलं. त्याचा चेहरा त्यांना दिसला असावा.

“आलेत,” तो म्हणाला. “तिन्ही आलेत.”

“मग कुठे आहेत?”

“टाकून दिले.”

“कुणी?”

“फिल्टरने.” तो स्क्रीनकडे वळला. “चुकून झालंय. त्यांना परत पाठवायला सांगा. नाही, थांबा. आधी मी नियम काढतो, मग सांगा.”

“अहो, त्या मुलीचे पाच महिने!” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, तेच त्याला लागलं. “तिची नोकरी गेली असती हातची. मी आता रजिस्ट्रार साहेबांना काय सांगू?”

“झालंय तेच सांगा,” तो म्हणाला.

बाई गेल्या. त्याने तो नियम उघडला. साधी एक ओळ होती. बाहेरच्या एका देशातले मेलचे पत्ते ज्या दोन अक्षरांनी संपतात, ती अक्षरं दिसली की वीस गुण. त्या देशातून कुणीही काही लिहिलं, नुसतं ‘नमस्कार’ लिहिलं, तरी ते थेट केरात. नियम नऊ वर्षांपूर्वीचा होता. डोक्यावर तारीख होती. कारण नव्हतं.

कारण लिहिलं नाही असा एवढा एकच नियम होता. तीनशे बारा नियमांतला एक.

त्याने तो आधी काढून टाकला. मग चूक आपली आहे तर ती पूर्ण मोजायला हवी, म्हणून तो उठला आणि कपाटातल्या जुन्या हार्ड डिस्क काढून एकेक जोडत गेला. संस्थेच्या नियमाप्रमाणे लॉग वर्षभर ठेवले की पुरे, पण तो काहीच पुसत नसे. मेल गेलं तरी त्याची नोंद राहायची. कुणी पाठवलं, कुणाला, कधी, किती गुण पडले आणि विषयाची ओळ. मजकूर नाही. मजकूर एकदा टाकला की टाकला.

नऊ वर्षांत त्या एका नियमाने किती मेल खाल्ली, याची यादी त्याने पत्त्यांप्रमाणे लावली. वरचे हजारो घड्याळं आणि गोळ्या विकणारे. ते जाऊ देत. तो खाली खाली येत राहिला. एका विद्यापीठाची चार. कुठल्याशा ग्रंथालयाची नऊ. यातली खरी पत्रं वेगळी काढायला आठवडा लागेल, असा हिशेब मनात चालू असताना एका ओळीवर त्याचे डोळे थांबले.

पत्ता ‘बारक्या’पासून सुरू होत होता. पुढे जन्माचं साल. आणि मग ती दोन अक्षरं.

एकोणचाळीस मेल.

सगळी त्याच्याच नावावर आलेली.

जगात दुसरा कुणी स्वतःला बारक्या म्हणवून घेणार नव्हता. घरातलं शेंडेफळ, त्याच्याहून चौदा वर्षांनी लहान भाऊ. बायको लग्न होऊन घरात आली तेव्हा हा नववीत होता आणि तिच्याकडून शर्टाची बटणं लावून घ्यायचा. त्याला शिकवला, परदेशी पाठवला, विमानतळावर पोस्टमास्तर त्याला सोडायला गेला तेव्हा त्याची बॅग काचेपलीकडे दिसेनाशी होईपर्यंत उभा राहिला. आणि नऊ वर्षांपूर्वी आई महिनाभर झिजून गेली, त्या महिन्यात हा आला नाही. आई गेल्यावरही आला नाही. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. तो ‘दादा, ऐक ना’ म्हणाला, तेवढ्यावर पोस्टमास्तर त्याच्यावर तुटून पडला होता.

“फोन करू नकोस. तुझा आवाज नको मला. काही सांगायचंच असेल तर लिही.”

त्यानंतर फोन आला नाही. पुढच्याच वर्षी यांनी घर बदललं, जुना फोन गेला. बारक्याकडे पत्ता उरला तो संस्थेतल्या मेलचा. पोस्टमास्तर वाट बघत राहिला. आपल्या दर वाढदिवसाला तो सकाळी सगळ्यात आधी इनबॉक्स बघायचा, मग ‘संशयित’ कप्पा वरपासून खालपर्यंत चाळायचा. काही नसे. घरी गेल्यावर बायको म्हणायची, “अहो, तुम्हीच लिहा ना दोन ओळी.” तो म्हणायचा, “मी का? लिही म्हटलं होतं ना त्याला? एक ओळ लिहवत नाही?”

विषयाच्या ओळी त्याला लगेच वाचता येईनात. मराठीत लिहिलेला विषय लॉगमध्ये सरळ उमटत नाही. प्रश्नचिन्हांच्या मधोमध इंग्रजी अक्षरं आणि आकडे यांची नुसती खिचडी दिसते. ती उलगडायला दोन ओळींचा प्रोग्राम लागतो. तो त्याने आयुष्यात शंभरदा लिहिला असेल. आज तीनदा चुकला.

मग पहिली ओळ उलगडली.

दादा, तू म्हणालास लिही

तारीख होती नियम लिहिल्यानंतरची. अकरा दिवसांनंतरची.

त्याने पुढचं वाचलं नाही. नवा मेल उघडला आणि त्या पत्त्यावर लिहिलं, ‘बारक्या, तुझी पत्रं मला आज सापडली. मी वाचली नाहीत. मला मिळाली नव्हती. फोन कर.’ खाली नंबर टाकला आणि पाठवलं. मग तो नुसता बसून राहिला.

मिनिटभरात मेल परत आलं. असली परत आलेली मेल त्याने लाखांनी बघितली होती, लोकांना त्यांचा अर्थ समजावून सांगितला होता. या पत्त्यावर कुणी राहत नाही.

पत्ता बदलला असेल, नोकरी बदलली असेल, असं स्वतःला सांगत तो यादीच्या थेट शेवटाला गेला. शेवटची दोन मेल दोन वर्षांपूर्वीची होती.

बाबांच्या मेलवरून लिहिते आहे, मी त्यांची मुलगी

आणि तीन आठवड्यांनी दुसरं,

काका, एकदा फोन करा

त्यापुढे नंबर होता. पत्र कुणी उघडत नसेल तर निदान बाहेरून तरी दिसेल, म्हणून पोरीने तो विषयाच्या ओळीतच घातला होता.

‘बाबांच्या मेलवरून’ हे दोन शब्द त्याने पुन्हा वाचले. मग आणखी एकदा. त्यांचा दुसरा काही अर्थ निघतो का, हे तो बघत होता.

*

रजिस्ट्रार साहेबांचं बोलावणं आलं तेव्हा तो यादी छापून घेत होता. कागद तसेच हातात घेऊन तो वर गेला. साहेब मवाळ माणूस. बाईंकडून त्यांना सगळं कळलं होतं.

“बसा. झालं ते झालं,” साहेब म्हणाले. “अहवाल परत मागवलाय आपण. नियम काढलात ना?”

“काढला.”

“मग संपला विषय.”

“नाही साहेब. नऊ वर्षांत सहा हजारांवर मेल गेलीत. बहुतेक कचरा आहे, पण चारेकशे तरी खरी असतील. ज्यांची ज्यांची गेली त्यांना मी कळवणार आहे. कुणाचं, कधी आलं होतं, विषय काय होता. यादी करतोय.”

साहेबांनी चष्मा काढला. “कशाला उगाच गाजावाजा? कुणाला माहीतसुद्धा नाही.”

“तेच तर. कुणालाच माहीत नाही. पाठवणाऱ्याला वाटतंय मिळालं, आणि इकडे माणूस वाट बघत बसलंय.”

“तुमचं नाव येईल त्यात. चार वर्षं राहिलीत तुमची. यंत्राची चूक म्हणून सोडून द्या ना.”

“यंत्राला मी सांगितलं तेवढंच ते करतं. नियम माझा आहे,” तो म्हणाला. पुढे त्याला बोलायचं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं. “त्या वर्षी कचऱ्याचा लोंढा आला होता साहेब, हे खरंय. पण तो पाच देशांतून आला होता. बाकीच्या चारांना मी सहा-सहा गुण दिले. त्यांचं संशयितात जायचं. या एकालाच वीस दिले.”

“का?”

“लिहून ठेवलेलं नाही,” पोस्टमास्तर म्हणाला.

साहेबांनी चष्मा परत घातला. मग म्हणाले, “तुम्हाला बरं वाटत नाहीये. घरी जा.”

*

दुपारी तो घरी आला तेव्हा बायको गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती. या वेळी त्याला दारात बघून ती कपड्यांचा ढीग घेऊन तशीच आत आली.

“काय झालं? छातीत दुखतंय का?”

“बस जरा.”

“आधी सांगा.”

“बारक्याची पत्रं आली होती,” तो म्हणाला. “सात वर्षं येत होती. सदतीस. मला मिळाली नाहीत.”

“म्हणजे? कुठे होती?”

त्याने सांगितलं. फिल्टर, गुण, दोन अक्षरं. तिला त्यातलं किती समजलं कोण जाणे, पण कागद तिने त्याच्या हातातून ओढून घेतले आणि उभ्या उभ्या वाचायला लागली. ती वाचताना ओठ हलवते. पहिल्या पानावर मध्येच तिचे ओठ थांबले.

“वहिनींचा गुडघा कसा आहे,” तिने मोठ्याने वाचलं. “बघा, गुडघा विचारत होता माझा.” ती हसली. खरंच हसली. मग तिने पान उलटलं, खालपर्यंत गेली आणि हातातले कागद हळूहळू खाली आले.

“मी त्यांची मुलगी म्हणजे? तिने का लिहिलं? त्याने का नाही लिहिलं?”

तो खुर्ची ओढून बसला.

“अहो, मी काय विचारतेय? बारक्या कुठाय?”

“मला माहीत नाही. पण मला वाटतं...”

“वाटतं काय! फोन नंबर आहे ना इथे?” तिचा आवाज फाटला. कपड्यांचा ढीग जमिनीवर पडला होता, ती त्यातच बसली. खालच्या घरातल्या नळाचा आवाज येत होता. मग ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, “दोन वर्षं. दोन वर्षं आपण जेवतोय, टीव्ही बघतोय. परवा मी त्याला निर्दयी म्हटलं. तुमच्यासमोरच म्हटलं ना?”

“हो.”

“तुम्ही मुद्दाम केलंत?”

हा प्रश्न येणार हे त्याला माहीत होतं. साहेबांच्या खोलीतून घरापर्यंत तो त्याचंच उत्तर शोधत आला होता. त्या दिवशी तो नियम लिहिताना मनात काय होतं? लोंढा होता, डायरेक्टर चिडलेले होते, आई जाऊन अठरा दिवस झाले होते. एवढंच आठवत होतं.

“मला खरंच माहीत नाही,” तो म्हणाला. “तो लिहील असं मला वाटत होतं. मी वाट बघत होतो त्याची. पण त्या देशाचं नाव दिसलं की डोकं फिरायचं माझं तेव्हा. दोन्ही खरं आहे.”

तिने मान हलवली. त्याला माफ केलं असं त्यात काही नव्हतं. तिने फक्त मोबाइल उचलून त्याच्या हातात दिला. “लावा.”

*

चौथ्या घंटीला कुणीतरी उचललं आणि तिथल्या भाषेत काहीतरी विचारलं. कोवळा, घाईत असलेला आवाज. मागे भांड्यांचा खणखणाट होता.

“मी... तुझा काका बोलतोय,” तो म्हणाला. “तुझ्या बाबांचा दादा.”

पलीकडचा खणखणाट थांबला. दार लावल्याचा आवाज आला.

“दादाकाका?” ती मराठीतून म्हणाली. शब्दांवर थोडं अडखळणं होतं, पण हेल बारक्याचाच. “खरंच?”

बायकोने पुढे वाकून स्पीकर लावला.

“बाबा कुठे आहेत?” त्याने विचारलं. विचारल्यावर त्याला वाटलं, आपण किती मूर्ख प्रश्न विचारला.

“मी लिहिलं होतं ना तुम्हाला,” ती म्हणाली. “बाबा गेले. दोन वर्षं झाली. नोव्हेंबरमध्ये. मी तेव्हाच लिहिलं होतं.”

बायकोने पदराचा बोळा तोंडात धरला. त्याला वाटलं होतं, ऐकताना काहीतरी कोसळेल. तसं काहीच झालं नाही. सकाळपासून माहीत असलेली गोष्ट कुणीतरी मोठ्याने बोललं, एवढंच झालं.

“काका? ऐकताय ना?”

“ऐकतोय. मला मिळालं नव्हतं ते. तुझी दोन्ही नाहीत, बाबांचंही एक नाही.”

“असं कसं? पोचल्याचं दिसायचं. बाबा दाखवायचे मला. म्हणायचे, बघ, दादाला पोचलं. वाचतो तो, फक्त रागावलाय अजून. रागावला तरी वाचतो.”

“पोचल्याचं दिसायचं, कारण तसं दाखवायला सांगितलेलं होतं. इथे ते टाकून दिलं जायचं. त्या देशातलं सगळंच टाकून द्यायचं असा नियम होता आमच्या सर्व्हरवर.”

“कुणी केला असला नियम?”

बायकोने त्याच्याकडे बघितलं. खोटं बोलला असता तर तीही काही बोलली नसती, हे त्याला तिच्या डोळ्यांत दिसलं.

“मी,” तो म्हणाला.

फोन बंद झाला की काय, म्हणून त्याने स्क्रीन बघितली. सेकंद पुढे जात होते.

“सगळी?” तिने शेवटी विचारलं.

“सगळी.”

“पण बाबा म्हणायचे...” तिचा आवाज आता फार लहान झाला होता. “मी त्यांना विचारायचे ना, आजी गेली तेव्हा तुम्ही का नाही गेलात? मी अकरा वर्षांची होते तेव्हा. घरात काहीतरी झालं होतं, एवढंच आठवतं. ते म्हणायचे, मोठी झालीस की सांगेन. नंतर म्हणाले, दादाला सगळं लिहिलंय, त्याच्याकडून समजेल. म्हणून मी तुम्हाला फोन करा म्हटलं होतं. मला वाटलं, तुमच्याकडे असेल ते.”

त्याने कागदावर बघितलं. दुसरी ओळ, का आलो नाही ते सांगतो. तिसरी, दुसऱ्याच दिवशी, का आलो नाही, कालचं नीट लिहिलं नव्हतं.

“तुझ्याकडे नाहीत का? त्यांच्या खात्यात, पाठवलेल्यांमध्ये? तू त्यावरूनच लिहिलंस ना?”

“होती. तिथेच होती सगळी.” ती थांबली. “मी उघडली नाहीत. बाबांचं होतं ना ते. थोडे दिवस जाऊ देत, मग बघू म्हटलं. मग कंपनीने खातंच बंद केलं, वर्षभर कुणी वापरलं नाही म्हणून. मी खूप विनंत्या केल्या. गेलं म्हणाले.”

बायको हुंदका देऊन उठली आणि परत बसली. स्पीकरवर ते ऐकू गेलं असावं.

“काकू आहेत का तिथे?”

“आहे गं,” बायको म्हणाली. “आहे मी. बोल तू.”

“काकू, बाबा तुमचं फार सांगायचे.”

“काय सांगायचा?”

“शर्टाची बटणं.”

पोस्टमास्तरने कागद सरळ केले. आपण आता जे सांगणार आहोत ते काहीच नाही, हे त्याला कळत होतं. पण जवळ होतं ते तेवढंच.

“माझ्याकडे मजकूर नाही,” तो म्हणाला. “विषयाची ओळ आहे फक्त. प्रत्येक पत्राची एकेक ओळ, आणि तारीख. तुला हवी असेल तर...”

“वाचा ना.”

“आत्ता? तू कामावर असशील.”

“असू दे. वाचा.”

त्याने चष्मा पुसला. पहिलं पान समोर धरलं. बायको त्याच्या शेजारी सरकली. तो तारीख वाचायचा, मग ओळ वाचायचा, मग थांबायचा. ती पलीकडून ‘हं’ म्हणायची की तो पुढची घ्यायचा.

दादा, तू म्हणालास लिही. का आलो नाही ते सांगतो. का आलो नाही, कालचं नीट लिहिलं नव्हतं. आईच्या खोलीतला रेडिओ कुणाकडे आहे. वहिनींचा गुडघा कसा आहे. वाढदिवस. पोरगी सायकल शिकली.

“तुझ्यासारखीच पडली, असं आहे पुढे,” तो म्हणाला.

“दोन टाके पडले होते,” ती म्हणाली. “अजून खूण आहे. वाचा.”

पत्र परत आलं, घर बदललंत का. वाढदिवस. इथे कुणाशी भांडता येत नाही मराठीतून. वाढदिवस, पन्नासावा. उत्तर नको देऊस, नुसतं वाच. काही नाही, सहजच.

‘काही नाही, सहजच’ अशी आठ होती, वेगवेगळ्या महिन्यांतली. त्याने एकही गाळलं नाही. प्रत्येकाची तारीख वेगळी वाचली. एका तारखेला ती म्हणाली, त्या दिवशी आम्ही समुद्रावर गेलो होतो. एका तारखेला म्हणाली, हे नाही आठवत.

तिसऱ्या पानावर ओळी लहान झाल्या. तपासण्या. दादा, थोडं तातडीचं आहे. मग दुसऱ्याच दिवशी, तातडीचं नाही, घाबरू नकोस. मग तीन महिने काही नाही. मग, केस गेले, आता तुझ्यासारखा दिसतो.

पोस्टमास्तरने कागद खाली घेतला. बायकोने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि काढून घेतला नाही.

“थांबू का?” तो म्हणाला.

“किती राहिलीत?”

“एक. पण त्याला विषय नाही. रिकामाच आहे.”

“तारीख सांगा.”

त्याने सांगितली. नोव्हेंबरची चौथी.

पलीकडे ती काहीतरी मोजत असावी. मग म्हणाली, “त्या दिवशी मीच त्यांना लॅपटॉप दिला होता. उशीला टेकवून बसवलं. एका बोटाने लिहीत होते. मला म्हणाले, तू बाहेर जा. मी बाहेर बसले होते.”

“बराच वेळ लागला का?”

“तास. तासाच्या वरच. मध्ये मी दार उघडून बघितलं, तर लिहीतच होते.”

बायकोने त्याच्या हातातून ते शेवटचं पान घेतलं, उजेडाकडे धरलं आणि मग उलटं करून मागची बाजू बघितली.